रस्त्यात दिसली म्हणून फोटो पाठवायचा का?

कळव्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी करतो. अंधेरीच्या एका पॅप एजन्सीने, म्हणजे प्रसिद्ध लोकांच्या मागे फिरून काढलेले पापाराझी फोटो विकणाऱ्या कंपनीने, त्याला 'ठाणे आणि नवी मुंबई तू सांभाळ' म्हणत स्ट्रिंगरचं, म्हणजे नोकरीत न घेता कामापुरत्या छायाचित्रकाराचं, काम देऊ केलंय. कामाला लागतो न लागतो तोच पाचपाखाडीत एका प्रसूतिगृहातून बाहेर पडताना मालिकेतली एक ओळखीची अभिनेत्री त्याला दिसली आणि त्याने रस्त्याच्या पलीकडून फोटो काढले. फोटो तिच्या एकटीचे नाहीत, सोबत एक वयस्क बाई आहे. एजन्सीला ते आजच्या आज हवेत. तो विचारतो: 'ताई, रस्ता सार्वजनिक, बाई प्रसिद्ध, मी कुणाच्या घरात घुसलो नाही. मग फोटो पाठवायला हरकत काय?'

वयाने लहान आहेस, ताई म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहिते. ते फोटो पाठवू नकोस. 'फोकस गेला' वगैरे सांगून वेळ मारून नेऊ नकोस. 'दवाखान्याबाहेरचे फोटो मी देत नाही' असं सरळ सांग, म्हणजे पुढच्या वेळी मागणार नाहीत. आता कारणं. मी ठाण्यात वर्तमानपत्रासाठी कॅमेरा घेऊन हिंडले आणि नंतर फोटो डेस्कवर बसले, त्यामुळे फोटो काढणाऱ्याची घाई आणि छापणाऱ्याची घाई, दोन्ही मला ठाऊक आहेत.

आधी तुझे फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून बघ. दोनशे मिलिमीटरच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर काढलेत म्हणतोस, म्हणजे चेहरा स्वच्छ आला असणार. डेस्कवर आम्ही चेहरा शेवटी बघायचो. आधी हातातली फाइल. तिच्यावर पेशंटचं नाव, वय आणि डॉक्टरांचं नाव लिहिलेलं असतं आणि आजच्या कॅमेऱ्यात ते सहज वाचता येतं. मग मागची पाटी, खाली दवाखान्याचा फोन नंबर. शेजारी तिची आई किंवा सासू, जिने आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं ठरवलेलं नाही. गेटाशी लावलेली गाडी, नंबर प्लेटसकट. एखादा फोटो मोबाइलवर काढला असशील आणि लोकेशन चालू असेल, तर जागेचे अक्षांश-रेखांश त्या फाइलमध्येच बसलेले.

एवढं सगळं एका फ्रेममध्ये आहे, पण ती तिथे कशासाठी गेली होती हे त्यात कुठेच नाही. बहिणीला बघायला गेली असेल. पाळीच्या तक्रारीसाठी गेली असेल. दिवस गेलेले असतील, किंवा नुकतंच काही वाईट घडून गेलं असेल. तुला माहीत नाही, एजन्सीलाही नाही, तरी कॅप्शन मात्र तयार असते: 'गुड न्यूज?' त्या प्रश्नचिन्हाचं मला नेहमी नवल वाटतं. ते टाकलं की खोटं बोलल्याचा आळ येत नाही, अशी एक समजूत आहे. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत घरातल्या घरातसुद्धा कुणी बोलत नाही. इथे निर्मात्याला, चॅनलला, तिच्या सासरच्या नातेवाइकांना आणि खाली कॉमेंट करणाऱ्या हजारो अनोळखी लोकांना एकाच संध्याकाळी सांगून मोकळे. मालिकेत काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत त्याला रोजीरोटीची बाजूही आहे. बातमी बाहेर पडली की तिच्या भूमिकेचं काय करायचं, यावर तिच्या आधी दुसरेच लोक बोलायला बसतात.

'रस्ता सार्वजनिक' या मुद्द्यावर अगदी तुझ्यासारखंच एक प्रकरण ब्रिटनमध्ये सर्वोच्च पातळीपर्यंत गेलं होतं. मॉडेल नाओमी कॅम्पबेल व्यसनमुक्तीच्या बैठकीतून बाहेर पडत असताना लंडनच्या रस्त्यावर तिचा फोटो काढला गेला आणि 2001 मध्ये तो एका टॅब्लॉइडने छापला. 2004 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. त्यातली बारकाई बघण्यासारखी आहे. आपण अमली पदार्थ घेत नाही असं तिने जाहीरपणे सांगितलं होतं, त्यामुळे ती घेते ही बातमी छापणं योग्य, असं न्यायालयाने मानलं. पण उपचार कुठे चालू आहेत, कसे चालू आहेत आणि त्या दारातून बाहेर पडतानाचा फोटो, हे मात्र नाही. तीही रस्त्यावरच होती. त्याच वर्षी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिन यांच्या बाजूने निकाल दिला. ते फोटो बाजारहाट, घोडेस्वारी असल्या रोजच्या गोष्टींचे होते.

हे निकाल आपल्याला लागू नाहीत. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्या निकालात आहे. पण खोटी आशा दाखवत नाही: हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा आहे. पॅपने फोटो काढला तर थेट वापरता येईल असा खासगीपणाचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. त्या अभिनेत्रीला दिवाणी दावा लावावा लागेल, किंवा कॅप्शनवरून बदनामीची तक्रार करावी लागेल. ती बहुधा दोन्ही करणार नाही. शूटिंग सोडून कोर्टात कोण बसणार? तुमच्या एजन्सीचा धंदा त्याच हिशेबावर चालतो.

काही गोष्टींना मात्र कायदा स्पष्ट आहे आणि त्या तुला पाठ हव्यात, कारण गुन्हा फोटो काढणाऱ्यावर नोंदला जातो. गाडीतून उतरताना, जिना चढताना खालून किंवा मागून धरलेला कॅमेरा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई मध्ये येऊ शकतो. त्यात जागा सार्वजनिक की खासगी हा प्रश्नच नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड दोन लाखांपर्यंत. चोरून बघण्या-टिपण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आहे. पहिल्याच खेपेला किमान एक वर्ष. सोसायटीचं कंपाउंड हा रस्ता नव्हे, आणि वॉचमनने चहा पिऊन आत सोडलं ही रहिवाशाची परवानगी होत नाही. तिथे त्याच संहितेच्या कलम 329 नुसार अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते. घोडबंदर रोडवर बाइकवरून गाडीचा पाठलाग केलास, तर बेदरकार वाहन चालवल्याचं कलम 281 तुझी वाट बघतंय. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनाच्या पॅरिसमधल्या अपघाती मृत्यूनंतर फ्रान्समध्ये छायाचित्रकारांवरचे मनुष्यवधाचे आरोप टिकले नाहीत, पण 2008 च्या ब्रिटिश चौकशीत ज्यूरीने चालकाच्या बरोबरीने पाठलाग करणाऱ्या गाड्यांच्या बेपर्वाईवरही ठपका ठेवला. घोडबंदरचे खड्डे आणि कंटेनर बघता ते उदाहरण मला लांबचं वाटत नाही.

आता तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी येते. तू म्हणतोस, 'हेच लोक आम्हाला बोलावतात.' बरोबर आहे. मुंबईत 'स्पॉट झाली' म्हणून जे दिसतं त्यातलं पुष्कळसं ठरवून असतं. पीआरवाल्याचा मेसेज येतो, अमुक वाजता अमुक रेस्टॉरंट, अमुक गेट. जिमच्या कपड्यांचे पैसे ब्रँडने मोजलेले असतात. 'सर, इधर', 'मॅडम, एक राइट' अशी हाकाटी होते, दोघांचंही काम होतं. यात मला काही वावगं वाटत नाही. ती जाहिरात आहे आणि तुम्ही तिचे कामगार आहात. पण सकाळी बोलावणाऱ्याने संध्याकाळी नको म्हटलं की त्याला ढोंगी म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. हळदीकुंकवाला बोलावलं म्हणून कुणी उठून आतल्या खोलीतलं कपाट उघडत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत आलिया भटने शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून आपल्या दिवाणखान्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याबद्दल लिहिलं, तेव्हाही 'एरवी पोझ देते ना' म्हणणारे होते. एरवी ती गेटवर पोझ देते, सोफ्यावर नाही.

म्हणून मी 'प्रसिद्ध आहे की नाही' हा प्रश्न विचारतच नाही. मी विचारते: ती त्या ठिकाणी दिसायला आली होती, की स्वतःच्या कामाला?

या प्रश्नावर ठाण्याची गोष्ट वांद्र्या-जुहूपेक्षा वेगळी होते. ते तुझ्या एजन्सीला समजलेलं नाही, तुला समजायला हवं. हिंदीतल्या ताऱ्याभोवती भिंत असते: पीआर, बाउन्सर, काळ्या काचांची गाडी, मागचं दार. मराठी नटाकडे यातलं काही नसतं. घोडबंदरला किंवा कोलशेतला सेटवर सकाळचा कॉल टाइम, रात्री पॅकअप, आणि मग तीच बाई गोखले रोडला पिशवी घेऊन भाजी बघत असते. लोक ओळखतात, हसतात, एखादी आजी मालिकेतल्या सासूवरून तिलाच दोन शब्द सुनावते. ही सलगी ठाण्याने अजून टिकवली आहे, कारण इथे कॅमेरे टपून बसत नाहीत. उद्या तू बसलास की ती भाजी ऑनलाइन मागवायला लागेल. भिंत बांधायला पैसे लागतात आणि मालिकेच्या प्रतिदिन मानधनात बाउन्सर बसत नाही. म्हणजे ज्याच्याकडे बचाव सगळ्यात कमी, त्याच्यावर हा धंदा सगळ्यात जास्त चालणार.

माझा प्रश्न लावून बघ. दहीहंडीच्या मंचावर आलेला कलाकार: खुशाल काढ, त्यासाठीच आलाय. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर किंवा तलावपाळीला नटूनथटून आलेली मंडळी: काढ. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाला प्रयोगानंतर रसिक आत जाऊन कलाकारांना भेटतात, ही आपली जुनी पद्धत. तिथे सेल्फी चालतात, पण मेकअप उतरवत असताना, साडी बदलायला पडदा ओढलेला असताना दार ढकलून मोबाइल पुढे करणं चालत नाही, आणि हे मी प्रेक्षकांनाही सांगते. उपवनला पहाटे चालायला आलेला नट: विचार, हो म्हणाला तर काढ. चालताना धाप लागलेल्या माणसाला 'सर, एक स्माइल' म्हणायची काही गरज नाही. डॉक्टर, वकील, कौटुंबिक न्यायालय, मुलांची शाळा, स्मशान: कॅमेरा बॅगेत.

एकाच व्यक्तीबाबत उत्तर कसं बदलतं याचं उदाहरण नवी मुंबईतूनच सुरू होतं. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या रात्री स्मृती मानधनाचे जितके फोटो निघाले तितके थोडेच, रडतानाचेसुद्धा. ते सगळ्या देशाचं रडणं होतं. तीन आठवड्यांनी सांगलीत लग्नाच्या दिवशी वडिलांची प्रकृती बिघडली, लग्न पुढे ढकललं गेलं, आणि कॅमेरे व अंदाज मागे लागले ते लागलेच. शेवटी डिसेंबरमध्ये लग्न मोडल्याचं तिलाच जाहीर करावं लागलं आणि दोन्ही कुटुंबांना मोकळीक द्या, अशी विनंती करावी लागली. 'आम्ही तिला डोक्यावर घेतलं, मग आम्हाला कळायला नको?' असं म्हणणारे तेव्हा भेटले. डोक्यावर घेतलं ते खेळासाठी.

अपवादही सांगते, नाहीतर तुला वाटेल ताई सगळ्यालाच नाही म्हणते. आमदार, नगरसेवक, अधिकारी आपल्या पदाच्या कामात असताना खासगीपणाची ढाल पुढे करू शकत नाहीत. 1994 च्या राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. दारू पिऊन गाडी ठोकणारा नट, तलावात राडारोडा टाकणारा पुढारी, सरकारी गाडीतून घरचं लग्न उरकणारा अधिकारी, यांचे फोटो त्यांना नको असले तरी काढ आणि मी म्हणेन छाप. तिथे लोकांना काही कळण्याची गरज आहे. गरज आणि उत्सुकता यांची गल्लत करू नकोस.

ठिकाण उघड करण्याबद्दल वेगळं लिहिते, कारण तुझ्या हद्दीत पनवेलही येतं. सलमान खानच्या फार्महाउसमध्ये 2024 च्या जानेवारीत दोन जणांनी कुंपणातून घुसायचा प्रयत्न केला आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्याच्यावर हल्ल्याचा कट रचल्याच्या आरोपावरून नवी मुंबई पोलिसांनी काही जणांना पकडलं. 2025 च्या जानेवारीत सैफ अली खानवर वांद्र्याच्या घरात चाकूहल्ला झाला आणि आरोपी सापडला तो आपल्या ठाण्यात. त्या हल्ल्याशी पॅपचा काही संबंध नव्हता. पण त्यानंतर सैफ-करीनाने मुलांचे फोटो काढू नका असं सांगितलं, आणि मार्चमध्ये रणबीर-आलियाने छायाचित्रकारांना भेटून आपल्या मुलीबद्दल, राहाबद्दल, हेच मागितलं. मूल रोज कोणत्या वेळी, कोणत्या गेटातून, कोणत्या गाडीत बसतं हे आपण रील करून फुकट वाटत होतो, हे तेव्हा मुंबईला एकदम दिसलं. मराठी कलाकाराच्या मुलाबाबतीत तर शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्ह पुरेसं आहे. ठाण्यात त्या चिन्हावरून शाळा ओळखायला कुणाला गूगल लागत नाही. चेहऱ्यावर इमोजी टाकून काही होत नाही, मुलाचा फोटो काढायचाच नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत, तेव्हा 'एअरपोर्ट लुक'चं काम तुला लवकरच मिळेल. ते कर, पण फोटो माणूस आत गेल्यावर टाक आणि गाडीचा नंबर झाक.

मरणाच्या फोटोंबद्दल फार लिहीत नाही. मोठ्या माणसाचं अंत्यदर्शन ही आपल्याकडे सार्वजनिक गोष्ट असते, गर्दीचा, ट्रकचा, फुलांचा फोटो इतिहासात जातो. पण 2021 मध्ये अभिनेता सिद्धार्थ शुक्ला गेला तेव्हा त्याची जवळची मैत्रीण शहनाज गिलच्या गाडीच्या काचेला ज्या रीतीने लेन्स चिकटल्या, आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये धर्मेंद्र आजारी असताना आधी निधनाची खोटी बातमी फिरली, मग जुहूच्या घरासमोर कॅमेऱ्यांनी ठाण मांडलं आणि सनी देओल भडकले, त्यात इतिहास कुठे होता ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, शौचालय नाही, विमा नाही, बाउन्सरचे धक्के खायचे, लेन्स फुटली तर आपल्या खिशातून भरायची, आणि वर व्हिडिओ चवीने बघणारी जनता कॉमेंटमध्ये 'गिधाडं' म्हणते. बघणारा नसता तर दवाखान्याबाहेर कुणी उभं राहिलं नसतं. तुझ्या त्या फोटोला मागणी आहे ती एजन्सीच्या मालकाला प्रसूतिगृहांची आवड आहे म्हणून नव्हे. तरीही बटण दाबणारा तू आहेस आणि खाली वॉटरमार्क एजन्सीचा असला तरी तक्रारीत नाव तुझं येणार.

आता त्या फोटोंचं काय करायचं? कार्डातून, लॅपटॉपवरून आणि क्लाउडवरून काढून टाक. कुणाला 'फक्त बघायला' म्हणूनही पाठवू नकोस. आणि एक गोष्ट अजिबात करू नकोस: त्या अभिनेत्रीला इन्स्टावर 'मॅडम, माझ्याकडे तुमचे फोटो आहेत, पण मी देणार नाही' असा मेसेज. तुझ्या मनात चांगलं असेल. वाचणाऱ्याला ती धमकी वाटते, आणि पुढे पैशांचा उल्लेख आला, अगदी चेष्टेतही, तर खंडणीच्या कलमापर्यंत गोष्ट जाते.

एजन्सीचं काम घ्यायचं की नाही ते तू ठरव, पण कागद वाचून सही कर. स्वतः होऊन काढलेल्या फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याचा असतो. नोकरीत असताना किंवा कुणी पैसे देऊन खास काढून घेतला तर चित्र बदलतं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तुझ्या करारात 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांसाठी' असं असणार. त्यावर घासाघीस कर. त्याच पानावर बहुधा दुसरं एक वाक्य सापडेल: कोणताही दावा झाला तर सगळी जबाबदारी छायाचित्रकाराची. ते काढायला लाव. कॅप्शन मी लिहीत नाही, तेव्हा कॅप्शनची जबाबदारी माझी नाही, हे लेखी घे. आणि दवाखाना, शाळा, घर या ठिकाणचं काम नाकारलं तर पैसे कापणार नाही, हेही. त्यांनी नकार दिला, तर ते तुला कशासाठी घेत होते ते तुला तिथेच कळेल, आणि लग्नाचा सीझन काही लांब नाही.